कोनात कोन?

सावनेरच्या आठवडी बाजारात चणाजोरगरमवाला कागद कसा वळतो, ते कधी टक लावून पाहा. जुन्या वहीचं पान. एका कोपऱ्यावर अंगठा, मनगटाला हलकी गिरकी, खालचं टोक आत दुमडलं की झाली पुंगळी. दोन सेकंदांचं काम. मी गेली तीस वर्षं प्रयत्न करतोय आणि माझ्या पुंगळीतून चणे अजून खालून गळतात.

परवा भाच्याला घेऊन गेलो होतो. पाचवीत आहे. चणे संपले, कांदा संपला, तळाशी उरलेलं तिखटमीठही बोटानं चाटून झालं. मग त्यानं रिकामी पुंगळी दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली आणि विचारलं, "मामा, अशा घरात कोनी राहू शकते का?"

"राहायचं ना," मी म्हटलं. "पन्नास कोटी वर्षांपूर्वी. घर अगदी असंच. एका बाजूनं टोकदार, एका बाजूनं उघडं."

"मंग त्या कोनात कोन राहे?"

आमच्या भागात बोलताना 'कोण'चा 'कोन' होतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. पोट्ट्याला कळलंही नाही की चणे खाता खाता त्यानं शास्त्रज्ञांच्या अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. कोनात कोण राहत होतं, या एका प्रश्नावर पावणेदोनशे वर्षं भांडण चाललं. मध्यंतरी एका कॉलेजच्या मुलानं ते मिटवलं. मग तीन वर्षांत ते पुन्हा पेटलं.

या प्राण्यांना म्हणतात हायोलिथ. हे एकाच प्राण्याचं नाव नाही, मोठ्या खानदानाचं आहे. समुद्राच्या तळाशी राहायचे. घर चुनखडीचं, म्हणजे शंख-शिंपले ज्याचे बनतात त्याच मालाचं. बहुतेकांची लांबी तुमच्या बोटाच्या एका-दोन पेरांएवढी, काही तर तांदळाच्या दाण्याहून लहान. पुंगळी मात्र आपल्या चण्यांच्या पुंगळीसारखी गोल असेलच असं नाही. अनेकांची पोटाकडून चपटी आणि पाठीकडून कण्यासारखी उचललेली असते. आडवी कापली तर समोशासारखी तिकोनी दिसेल. उघड्या तोंडावर एक झाकण. आणि काहींना झाकणाच्या दोन्ही बाजूंनी दोन वाकड्या काड्या बाहेर आलेल्या, म्हशीच्या शिंगांसारख्या. या काड्यांना शास्त्रज्ञ 'हेलेन' म्हणतात. हो, हेलेन. तुमच्या आजोबांना हे नाव सांगून बघा, गालातल्या गालात हसतील.

घर मिळालं, दार मिळालं, दारातल्या दोन काठ्याही मिळाल्या. मिळत नव्हता तो घरमालक. प्राणी मेला की त्याचं मऊ शरीर कुजून जातं आणि मागे राहतं ते कडक कवच. जीवाश्म गोळा करणाऱ्यांचं नशीबच असं, की त्यांना बहुतेक वेळा रिकामी घरंच सापडतात.

मग रिकामं घर बघून मालक ओळखता येईल का?

आपल्याकडे पाटील किती आहेत बघा. सावनेरात पाटील, काटोलात पाटील, कोल्हापुरात पाटील, आणि गोव्याच्या बसमध्ये शेजारी बसलेले काकाही पाटील. पण म्हणून सगळ्यांना एका लग्नाच्या पत्रिकेत 'आमचे भाऊबंद' असं छापाल का? कोनाच्या आकाराचं घर हे असंच पाटील आडनाव आहे. प्राण्यांच्या जगात ते कोणीही लावलंय. जुन्या समुद्रात ऑक्टोपसचे लांबचे नातेवाईक सरळसोट कोनात राहायचे, आणि त्यातले काही कोन माणसापेक्षाही लांब होते. जेलीफिशच्या गोतावळ्यातला कोन्युलारिया नावाचा प्राणी चौकोनी बुडाच्या कोनात राहायचा, पिरॅमिडसारख्या. आजही समुद्राच्या वाळूत हत्तीच्या दातासारखा दिसणारा दंतशंख राहतो. कोकणात खडकाला चिकटलेली छोटी छोटी टोप्यांसारखी कवचं पाहिली असतील, तो बुटका कोन. आकार एक, कूळ निरनिराळं.

आणि एक कोन असा आहे, की तो कोन आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. त्यासाठी आईकडून कणकेचा लिंबाएवढा गोळा मागून आणा. रागावली तर माझं नाव सांगू नका.

गोळ्याची लांब वळी करा, गाजरासारखी. एक टोक जाड, दुसरं निमुळतं. हा झाला कोन. आता निमुळत्या टोकापासून सुरुवात करून वळी स्वतःभोवतीच गुंडाळत न्या आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या थोडा खाली येऊ द्या. काय झालं? शंख! गोगलगाय म्हणजे गुंडाळलेल्या कोनात राहणारं जनावर. एवढी लांब पुंगळी सरळ ठेवून फिरायची म्हणजे बांबू घेऊन गर्दीच्या बाजारात शिरण्यासारखं आहे. गुंडाळली की आटोपशीर होते.

कणकेचा शंख आता टोक वर आणि तोंड तुमच्याकडे असा धरा. तोंड उजव्या हाताला आलं की डाव्या? जगातले बहुतेक शंख उजवे असतात. डावा शंख सापडला की माणसं थांबून पाहतात. गंमत म्हणजे देवघरात ज्या 'दक्षिणावर्ती' शंखाला एवढा मान आहे, तो प्राणिशास्त्राच्या हिशेबानं डावा आहे. आपण शंख धरताना टोक खाली धरतो, म्हणून तोंड उजवीकडे जातं, एवढंच.

डाव्या शंखाची आठवण निघण्याचं कारण म्हणजे आपल्या भागातला सगळ्यांत प्रसिद्ध जीवाश्म डावा आहे. नागपूरच्या टाकळीत तो पूर्वी सापडायचा. आता टाकळी नागपुरातच गेली आहे, पण १८५०च्या दशकात ती शहराबाहेर होती. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर नावाचे दोन स्कॉटिश पाद्री तेव्हा नागपुरात राहत. धर्माचं काम आणि शिकवणं संपलं की दोघं दगड फोडायला बाहेर पडत. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे हिस्लॉप. काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मध्ये गाळाचा एक पातळ थर असतो, त्यात त्यांना गोड्या पाण्यातले शंख, बिया, फळं, माशांचे खवले असा खजिना मिळाला. १८५५ साली त्यांनी तो सगळा लंडनच्या भूविज्ञानाच्या नियतकालिकात लिहून काढला.

काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा वाहत होता. एक लोंढा यायचा, थिजायचा, मग बराच काळ शांत. त्या शांत काळात खोलगट जागी तळी साचायची, झाडं उगवायची, तळ्यात शंखवाली गोगलगाय आरामात शेवाळ चरायची. मग पुढचा लोंढा. तळं, झाडं, गोगलगाई सगळं खाली गाडलं जायचं. कापसाची आणि संत्र्यांची आपली काळी माती त्याच लाव्ह्याची भुकटी आहे.

या तळ्यातल्या डाव्या शंखाला १८४० सालीच नाव मिळालं होतं, फायसा प्रिन्सेपी. फायसा ही आजही जिवंत असलेली डबक्यातली डावी गोगलगाय. शंख तसाच दिसला, म्हणून तेच नाव दिलं. पुढे १९२०मध्ये नेल्सन अ‍ॅनान्डेल या प्राणिशास्त्रज्ञांनी हा शंख पुन्हा हातात घेतला आणि म्हणाले की हा फायसा नव्हे, हा बुलायनस. बुलायनस ही आफ्रिकेत फार आढळणारी दुसरी डावी गोगलगाय. आता बरेच जण त्याला तिसऱ्याच नावानं ओळखतात, प्लॅटिफायसा. घर तेच आणि दारावरची पाटी दोनदा बदलली! कारण आतली मऊ गोगलगाय कोणीच पाहिलेली नाही.

गोगलगाईची ही तऱ्हा, तर हायोलिथची काय कथा. गोगलगाय निदान आज जिवंत तरी आहे, शेजारी ठेवून तुलना करता येते. हायोलिथांचा वंश मात्र पार बुडालेला.

"मामा, आपल्या सावनेरात सापडते का तो?" भाच्यानं मध्येच विचारलं.

"नाही सापडत. का नाही ते बघायचं असेल तर चप्पल घाल."

तुम्हीही चला. सावनेरच्या बसस्टँडपासून चालायला लागायचं. पण तोंडानं पावलं मोजायची आणि प्रत्येक पाऊल म्हणजे एक लाख वर्षं मागे. (मोठं माणूस बरोबर घ्या, या रस्त्याला ट्रक फार.) राम गणेश गडकरी इथे सावनेरातच २३ जानेवारी १९१९ला वारले. शंभरावर वर्षं झाली ना? आपल्या हिशेबात पायाचा अंगठा अर्धा मिलिमीटर सरकला, बस. तीन पावलं टाकलीत की आपल्यासारखी माणसं जगात नुकतीच आलेली. आता चालत राहा. साधारण ६६० पावलांवर लाव्ह्याचे लोंढे आणि टाकळीचा डावा शंख. पुढे २,८००च्या आसपास एक ओळखीची गोष्ट लागते, आपला कोळसा.

सावनेर, पाटणसावंगी, सिल्लेवाडा इथे वेकोलिच्या खदानी आहेत. कुणाचे तरी बाबा किंवा काका तिथे कामाला असतीलच. तो कोळसा म्हणजे त्या काळातली दलदल आणि तिच्यात पडून दबलेली झाडं. कोळशासोबतच्या खडकात जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा मिळतो, मधोमध ठसठशीत शीर. ग्लॉसोप्टेरिस त्याचं नाव, आणि नावाचा अर्थही जिभेसारखंच काहीतरी. अशी पानं याच भागातून हिस्लॉप साहेबांनी गोळा केली होती आणि ती विलायतेपर्यंत पोचली होती.

इथे जरा थांबून घाम पुसा, कारण आपल्या पुंगळीवाल्याची आणि आपल्या कोळशाची इथे गाठ पडते. हे झाड सावनेरच्या दलदलीत पानं गाळत होतं, तेव्हा दूर समुद्रात हायोलिथ जिवंत होते! पण त्यांचे ते उतरते दिवस होते. इथे गोडं पाणी आणि चिखल, त्यांना हवा खारा समुद्र. म्हणून खदानीत पान मिळेल, पुंगळी नाही मिळणार. आणि चालताना मागे २,५२०व्या पावलाशी आपण एक भयंकर जागा न बोलता ओलांडली. तिथे पृथ्वीवरचा आजवरचा सगळ्यांत मोठा संहार झाला. समुद्रातल्या बहुतेक जाती त्यात संपल्या, आणि हायोलिथांचा शेवटचा दिवाही तिथेच विझला.

आता पुढे ५,४०० पावलांपर्यंत. तुमचं पाऊल अर्ध्या मीटरचं असेल तर बसस्टँडपासून पावणेतीन किलोमीटर झाले. इथे कुठेतरी पहिले हायोलिथ दिसू लागतात. आणि आपल्या खाप्याजवळच्या गुमगावच्या मँगनीजच्या खदानीतले खडक? ते याच्याही कितीतरी पलीकडचे. तिथवर चालायचं तर डबा घेऊन निघावं लागेल. म्हणजे तालुक्याच्या पुस्तकात हायोलिथांच्या आधीचं पान आहे, हायोलिथांच्या म्हातारपणाचं पान आहे, नंतरचंही आहे. त्यांच्या भर तारुण्याचं पान नेमकं फाटलेलं आहे. ते पाहायला हिमालयात जावं लागतं. स्पितीच्या खोऱ्यातल्या जुन्या समुद्राच्या गाळात हायोलिथ सापडले आहेत, आणि डेहराडूनजवळ मालदेवता इथल्या फॉस्फेटच्या खडकातून भिंगाखालीच दिसतील अशा इवल्या पुंगळ्या निघाल्या आहेत.

परत येताना भाचा पाय ओढत होता. म्हटलं, आता खरी गोष्ट ऐक.

हायोलिथ पहिल्यांदा अभ्यासले गेले तेव्हा लोकांनी घराकडे पाहिलं आणि म्हटलं, चुन्याचं कवच, वर झाकण, म्हणजे हे गोगलगाय-शिंपल्यांचे भाऊबंद. त्या कुळाला मृदुकाय म्हणतात. दिसायलाही ते पटण्यासारखं होतं. मग कोणी म्हणालं, छे, हे तर समुद्रातल्या एका जाड्या अळीच्या जवळचे. ती अळी आक्रसली की भुईमुगाच्या दाण्यासारखी दिसते. १९७५ साली काही जणांनी वैतागून सांगितलं, हे कोणाचेच नाहीत, यांचं कूळ वेगळं लिहा. अनेक पुस्तकांनी तर त्यांच्या नावापुढे सरळ 'स्थान अनिश्चित' लिहून टाकलं. घर आहे, पण कोणत्याच रेशनकार्डावर नाव नाही, अशी गत.

आता कॅनडात चला. तिथल्या उंच डोंगरात बर्जेस शेल नावाचा खडक आहे. १९०९मध्ये चार्ल्स वॉलकॉट यांना तो गवसला आणि तेव्हापासून जगभरच्या जीवाश्मवाल्यांची ती पंढरी झाली. आपल्या पावलांत मोजायचं तर ५,०८०वं पाऊल. तिथे समुद्राच्या तळावर बारीक चिखलाचे लोंढे येऊन प्राण्यांवर झटक्यात पांघरूण घालत. इतकं झटक्यात, की कुजण्याआधीच मऊ अंगाचा ठसा उमटून राहायचा. डोळे, आतडी, मिशा, सगळं. काळ्या दगडावर काळीच आकृती. दगड तिरपा धरून उजेड बरोबर पाडला की ती चकाकते, नाहीतर नुसताच दगड.

या खडकात हॅप्लोफ्रेंटिस नावाचा हायोलिथ मिळतो. टोरांटो विद्यापीठात शिकणारा जोसेफ मोयसियुक नावाचा मुलगा या पुंगळ्यांच्या मागे लागला. तेव्हा त्याची पदवीही झाली नव्हती. त्याच्याबरोबर होते टोरांटोच्या संग्रहालयातले जाँ-बर्नार कॅरॉन आणि इंग्लंडमधले मार्टिन स्मिथ. तिघांनी मिळून दीड हजारांहून जास्त नमुने तपासले. दीड हजार! तुम्हाला तांदूळ निवडायला बसवलं तर दहाव्या मिनिटाला तुम्ही पाणी प्यायला उठता.

पण चिकाटीचं फळ मिळालं. काही नमुन्यांत झाकण आणि पुंगळी यांच्या फटीतून मालक डोकावत होता. तोंडाभोवती डझन-सव्वा डझन बारीक मिशा, एका पट्ट्यावर रांगेनं बसवलेल्या, आणि तो पट्टा उडत्या पक्ष्याच्या पसरलेल्या पंखांसारखा वाकलेला.

अशा मिशांचा पट्टा असलेलं कूळ समुद्रात आजही आहे. त्यांच्या मिशांवर डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती सारखी हलते, पाण्याला ओढ लागते, आणि पाण्यातले खाण्याचे कण आपोआप तोंडाशी येतात. जागेवर बसून जेवण, वाढपी म्हणजे समुद्र. या कुळातला एक मेंबर म्हणजे लिंग्युला. ओडिशाच्या किनाऱ्यावर चिखलात बीळ करून राहतो. वरून पाहिलं तर शिंपलाच वाटेल. दोन झडपा, मध्ये जीव. पण आत मिशांचा पट्टा असतो, जो शिंपल्याला नसतो. म्हणजे लिंग्युला हाही 'पाटील' प्रकारातलाच. आडनावावरून फसवणारा.

२०१७च्या जानेवारीत 'नेचर' या नामवंत नियतकालिकात तिघांनी जाहीर केलं की हायोलिथ गोगलगाईचे कोणी नव्हेत, ते लिंग्युलाच्या गोतातले आहेत.

हेलेन नावाच्या त्या दोन काठ्यांचा उलगडाही त्यांनी केला. लुना किंवा फटफटीचा डबल स्टँड पाहिलाय ना? पायानं दाबला की गाडी उचलली जाते. तसा हा प्राणी दोन्ही काठ्या चिखलात रोवून पुंगळीचं तोंड तळापासून वर उचलत असावा. नाकातोंडात गाळ जात नाही, आणि वर वाहत्या पाण्यात खाणंही जास्त. मला स्वतःला हे फार आवडलं. घरालाच स्टँड.

आतल्या व्यवस्थेबद्दल भाच्याला सांगितलं तेव्हा तो पंधरा मिनिटं हसत होता. पुंगळीला दार एकच, मागचं टोक बंद. मग खाल्लेलं बाहेर कुठून जाणार? आतडं आत जातं आणि वळून पुन्हा दाराशीच येतं. म्हणजे स्वयंपाकघर आणि संडास एकाच दारात. अशा घराला आपल्याकडे कोणी भाडेकरू मिळणार नाही.

आणि एक बातमी गुन्हेशाखेची. त्याच बर्जेस शेलमध्ये ऑटोइया नावाचा एक जाडजूड किडा सापडतो. तोंडाची सोंड बाहेर काढायचा, आणि सोंडेला काटे. त्याच्या पोटाच्या ठशात काय मिळालं? अख्खे गिळलेले हॅप्लोफ्रेंटिस. पुंगळीसकट! चणे खाऊन कागदही गिळायचा त्यातला प्रकार.

तर भांडण मिटलं? अहो, कसलं मिटतंय. पुढच्याच वर्षी, २०१८मध्ये, चीनच्या युनान प्रांतातून एक हायोलिथ पुढे आला. त्याच्या टोकाला देठ होता, तळाला चिकटून उभं राहण्यासाठी. लिंग्युलालाही मागे देठ असतो. लिंग्युलावाले खूश झाले, बघा आम्ही म्हणत नव्हतो! पण २०२०मध्ये चीनच्याच जुन्या खडकातल्या दुसऱ्या एका हायोलिथच्या मिशा काही शास्त्रज्ञांनी बारकाईनं पाहिल्या आणि मान हलवली. या मिशा पट्ट्यावर रांगेनं नाहीत, यांचा नुसता झुबका आहे, असं त्यांचं म्हणणं. तळाचा गाळ चाचपून उचलायला बरा, पाणी गाळायला नव्हे. त्यामुळे हायोलिथांना लिंग्युलाच्या घरात घुसवण्याची घाई करू नका. गोगलगाय, गांडूळ, लिंग्युला या सगळ्यांचं मिळून जे मोठं झाड आहे, त्याच्या बुंध्याजवळ कुठेतरी त्यांची फांदी फुटली असावी.

म्हणजे मिशा आहेत हे सगळ्यांना मान्य. वाद आहे तो मिशा रांगेत की झुबक्यात, यावर. हसू नका. तुमच्या वर्गात भांग डावीकडून की उजवीकडून, यावरूनही ओळख पटते की नाही?

मला विचाराल तर माझं मत थोडं लिंग्युलाच्या बाजूनं झुकतं, पण मी काही दीड हजार दगड तिरपे धरून पाहिलेले नाहीत. त्यामुळे माझ्या मताला चण्याच्या टरफलाएवढीच किंमत द्या.

घरी आल्यावर भाचा म्हणाला, आपण एक बनवू. पुंगळी होतीच, तेलकट, तिखटमिठाची. पोटाकडून दाबून तिला चपटी केली. झाकणासाठी आगपेटीचा पुठ्ठा कापला. हेलेनसाठी कडुनिंबाच्या पानांचे दोन वाळके देठ आणले. ते आपसूकच वाकडे असतात, जणू याच कामासाठी. मिशांना आजीच्या डब्यातला लाल दोरा. इथे आमचं भांडण झालं. तो म्हणे झुबका लावू, मी म्हणे रांगेत चिकटवू. शेवटी अर्ध्या रांगेत, अर्ध्या झुबक्यात असा तह झाला. (हे कोणत्याही नियतकालिकात छापून येणार नाही.)

मग अंगणातल्या ओल्या मातीत दोन्ही देठ रोवले. आणि काय सांगू, पुंगळीचं तोंड खरोखर वर उचललं गेलं! मिशा वाऱ्यावर हलायला लागल्या. भाचा पालथा पडून जमिनीला गाल लावून तिच्या डोळ्यांत डोळे घालून पाहत होता. डोळे आम्ही लावले नव्हते, पण तरी.

"आईला बोलावून आनतो," म्हणत तो आत पळाला. मीही पाणी प्यायला उठलो.

बाहेर आलो तेव्हा शेजारच्यांची बकरी अंगणात उभी होती. तोंडातून लाल दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं, आणि ती अगदी शांतपणे, मिठाची चव घेत, चावत होती.

भाच्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मामा," तो म्हणाला, "ऑटोइया!"